खाडीपलीकडच्या रस्त्यासाठी

प्रति,
मुंबई आणि मीरा-भाईंदर परिसरातले रस्ते, पूल आणि जेट्ट्या आखणारे व बांधणारे सर्व अभियंते आणि नगररचनाकार यांस,



मी बोरिवलीत राहते. सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकल काढायची, बोटीने खाडी ओलांडायची, मनोरीपासून उत्तनपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने जायचे आणि भाईंदरकडून घरी परतायचे, हा माझा जुना परिपाठ आहे. आपल्या शहरात सायकलसाठी काही करायचे म्हटले की तलावाकाठी, खाडीकाठी रंगीत ट्रॅक, त्याला कठडे, दिवे आणि सेल्फीचा चौथरा अशी चित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. ती चित्रे आपल्याच कार्यालयांतून निघतात. त्यामागचा हेतू चांगला असतो यावर माझा विश्वास आहे. तरीही अशी बातमी वाचली की माझ्या पोटात गोळा येतो. का, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आधी हा रस्ता कोणता ते सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांनी तो नकाशावर पाहिला असेल, पण सायकलवरून नसेल. मालाडच्या मार्वे जेट्टीवरून मनोरीला बोट जाते. दुसरी बोट बोरिवलीच्या बाजूने गोराई खाडी ओलांडते. दोन्ही उतरवतात ते एकाच भूभागावर. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मनोरीची खाडी, उत्तरेला वसईची खाडी. जुन्या कागदपत्रांत याचे नाव धारावी बेट असे आहे. माहीमजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. मनोरी जेट्टीपासून गोराई, उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा अशी गावे घेत भाईंदर स्टेशनपर्यंत सुमारे वीस किलोमीटर होतात. चढ फार नाहीत. नवशिक्या माणसालाही थांबत थांबत अर्ध्या दिवसात हे सगळे बघून होते.

आणि बघण्यासारखे किती आहे! मनोरीत ईस्ट इंडियन लोकांची उतरत्या छपरांची, लाकडी कठड्यांची घरे अजून उभी आहेत. वळणावळणावर पांढरे खुरूस, त्यांच्या पायाशी झेंडूची माळ. गोराईत तीन राजांचे जुने चर्च आणि गावाच्या एका बाजूला विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस. गोराई सोडली की रस्ता थोडा चढतो, एका अंगाला ताडाची झाडे आणि दुसऱ्या अंगाला तिवरांचा हिरवा पट्टा. पुढे चौकजवळ किल्ल्याची ती टेकडी, जिच्यासाठी वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, मराठे आणि पोर्तुगीज एकमेकांशी झुंजले. तिथून वसईच्या खाडीचे मुख समोर पसरलेले दिसते. किल्ला तिथेच का बांधला, हे तिथे उभे राहिल्यावर न सांगता समजते.

पण या वाटेवरची सर्वांत देखणी गोष्ट कुठल्याच पर्यटन पुस्तिकेत नाही. पावसाळा संपला, बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, की उत्तन-पाली-चौकच्या किनाऱ्यावर बोंबील वाळायला लागतात. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात आणि दोरीवर बोंबील जोडीने टांगलेले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. ना खिळा, ना गाठ. ताजे टांगलेले असताना सकाळचे ऊन त्यांच्या अंगातून आरपार येते. दुपारपर्यंत ते आक्रसतात, पिवळट होतात आणि वाऱ्याने एकमेकांवर घासून बारीक खुळखुळतात. खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो आणि तो उलथायला वाकलेल्या बाया. मोटारीच्या बंद काचेतून यातले काहीच कळत नाही, कळतो तो फक्त वास. सायकलवरून सगळे कळते, कारण सायकलचा वेग त्या कामाच्या वेगाशी जुळतो.

हा रस्ता कोणी सायकल पर्यटनासाठी बांधला नाही. गावांना गावे जोडायला तो झाला आणि जोडता जोडता सुंदर झाला. माझे पहिले म्हणणे यातूनच येते. उपनगरांच्या पाणकाठाला सायकलच्या उत्तम वाटा आधीपासून आहेत. त्या नव्याने बांधायच्या नाहीत, राखायच्या आहेत. राखणे हे काम आपल्या खात्यांना जमत नाही असे मला वाटत नाही. त्यात उद्घाटनाला काही उरत नाही, एवढीच अडचण आहे.

बांधण्याच्या हौसेतून काय होते त्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. पवई तलावाभोवती सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायला घेतला, तो तलावाच्या पात्रात शिरून. त्या तलावात मगरी आहेत, पक्षी आहेत, तो पाणथळ जागा आहे, हे काम सुरू होण्याआधीच सर्वांना ठाऊक होते. शेवटी लोकांना न्यायालयात जावे लागले आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवून, केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. वांद्रे-कुर्ला संकुलात केलेल्या सायकल मार्गाचे वेगळेच झाले. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, मार्ग कुठून कुठे जातो हेच कोणाला सांगता येईना, आणि अखेर ती जागा मोटारींच्या मार्गिकेला देण्याचे ठरले. एकीकडे तलावाचे नुकसान, दुसरीकडे पैशाचे. दोन्ही ठिकाणी चूक एकच होती: सायकल म्हणजे व्यायामाचे साधन, तिला एखाद्या बागेसारखी जागा आखून दिली की झाले, असे धरून चालणे. सायकलला कुठून तरी निघून कुठे तरी पोहोचायचे असते. गोल फिरून त्याच जागी आणणारा ट्रॅक मुलांना शिकवायला उपयोगी आहे, प्रवासाला नाही.

म्हणून माझी विनंती आहे की आपण पहिल्यांदा जोडण्यांकडे पाहावे. या शहरात पाण्यावरून जाण्याचे जेवढे मोठे मार्ग अलीकडे झाले, त्या सर्वांवर सायकलला बंदी आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ चा, तिथे सायकल चालत नाही. किनारी रस्त्यावर चालत नाही. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या, जवळपास बावीस किलोमीटरच्या अटल सेतूवरही चालत नाही. ताशी ऐंशी-शंभरच्या वेगात सायकल धोक्यात येईल हे मला मान्य आहे. पण मग आखतानाच एका बाजूला वेगळी पट्टी का धरली गेली नाही, हा प्रश्न मला आपल्याला विचारायचाच आहे. एकदा बांधून झाल्यावर तिला जागा नाही म्हणणे सोपे आहे. त्या जागेचा निर्णय कागदावर होतो, आणि कागद आपल्या हातात असतो. आता वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे किनारी रस्ता नेण्याचे ठरले आहे. तो याच खाड्यांवरून जाणार. त्याच्या आराखड्यावर आजच सायकलची आणि पायी चालणाऱ्याची रेघ ओढा. नंतर आम्हाला सुरक्षेचे कारण सांगू नका.

तोपर्यंत आम्हाला पाण्यापलीकडे नेते ती बोटच. बोटीवर कुणी सायकलला नाही म्हणत नाही. नावाडी आणि खलाशी हात देऊन ती आत घेतात. अडचण जेट्टीवर आहे. भरतीला बोट जेट्टीला लागून उभी राहते तेव्हा काही प्रश्न नसतो. ओहोटीला बोट खाली जाते, शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि सायकल खांद्यावर घेऊन त्या उतराव्या लागतात. सायकलला दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या असतील तर त्या आधी सोडायच्या, सायकल खाली न्यायची, परत वर येऊन पिशव्या न्यायच्या, आणि तेवढ्यात बोट सुटायची वेळ होते. मी हा त्रास फक्त माझा म्हणून सांगत नाही. त्याच पायऱ्यांवरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कोळणी चढतात, गुडघे धरून म्हातारी माणसे चढतात, शाळेची मुले चढतात. पायऱ्यांच्या कडेला हातभर रुंदीचा खडबडीत उतार आणि एक आधाराचा कठडा केला तर सगळ्यांचीच सोय होईल. याची चौकशी करायला मी एका कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतले, चहा दिला, आणि सायकलचा विषय आमच्याकडे येत नाही म्हणाले. मग तो कोणाकडे येतो, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. ते ठरवून द्या. एका टेबलावर तरी हा विषय यायला हवा.

सायकलच्या बाबतीत एक चांगले काम झाले आहे, त्याचा उल्लेख करायलाच हवा. मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर २०२२ पासून सायकल डब्यात नेता येते, त्यासाठी जागाही ठेवली आहे. अंधेरीत किंवा दहिसरला राहणारा माणूस त्यामुळे सायकल घेऊन मालाड किंवा बोरिवलीला उतरू शकतो आणि पुढे जेट्टी गाठू शकतो. ज्यांनी हा निर्णय घेतला त्यांचे आभार. आता स्टेशनच्या दारापासून जेट्टीपर्यंतचे काही किलोमीटर तेवढे उरले आहेत. मार्वे रोडवर आणि गोराई रोडवर ते अंतर कापताना जीव मुठीत धरावा लागतो. मेट्रोने केलेली सोय रस्त्यावर येऊन संपते. रोज हजारो लोक जिथून ये-जा करतात त्या या दोन रस्त्यांवर सायकलला दीड मीटरची सलग जागा मिळाली, तर खाडीपलीकडच्या सौंदर्यावर एक पैसाही खर्च करायची गरज नाही.

आता प्रत्यक्ष मनोरी-उत्तनच्या किनाऱ्याच्या रस्त्याविषयी. तिथे माझ्या मागण्या इतक्या साध्या आहेत की लिहितानाही संकोच वाटतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो तेव्हा साइडपट्टी तशीच खाली राहते. थरावर थर चढून कडेला वीतभर खोल पायरी तयार होते. मागून गाडीने हॉर्न दिला की सायकलवाला कडेला सरतो, चाक त्या पायरीवरून घसरते आणि तो गाडीखाली पडायची वेळ येते. मुरूम टाकून साइडपट्टी डांबराच्या बरोबरीने भरणे, हे काम निविदेत असतेच. ते करवून घ्या, एवढेच मागते. तसेच गटारावरच्या लोखंडी जाळ्या. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या की सायकलचे चाक फटीत जाते. त्याच जाळ्या आडव्या बसवल्या तर जात नाही. खर्च शून्य. वळणांवर पेव्हर ब्लॉक बसवू नका, पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ धरते. कचऱ्याच्या गाड्यांतून गळणारे पाणी उतारावर साचते, तिथून दोन चाकांवर जाणे म्हणजे तेलावरून जाणे. गळकी गाडी रस्त्यावर येणार नाही असे बघा.

मीरा-भाईंदर आणि बृहन्मुंबई या दोन महापालिकांची हद्द याच रस्त्यावर आहे, गोराई आणि उत्तन यांच्यामध्ये. अशा हद्दीवर दोन्हीकडच्या कामांचे वेळापत्रक कधी जुळत नाही. सायकलला हद्द कळत नाही, खड्डा कळतो. वर्षातून एकदा दोन्हीकडच्या कनिष्ठ अभियंत्यांनी एकत्र त्या रस्त्यावरून चालत जावे. जिल्हा वेगळा, महापालिका वेगळी, जेट्टी आणखी तिसऱ्याकडे, ही अडचण मला समजते. पण ती सोडवायची जागा मंत्रालयात नाही, त्या रस्त्यावरच आहे.

यापुढची मागणी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिला सिमेंट लागत नाही. हा रस्ता रुंद करू नका. शनिवार-रविवारी रिसॉर्टकडे जाणाऱ्या मोटारींची रांग लागते म्हणून रुंदीकरणाचा विचार पुढे येतो. दोन्ही बाजूंना तिवरे आहेत, घरे आहेत, मासळी वाळवायच्या जागा आहेत. तिवरांच्या तोडीवर उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंधने घातली आणि २०१८ च्या निकालात तिवरांभोवतीच्या पन्नास मीटर पट्ट्यालाही संरक्षण दिले. हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. रुंद रस्त्यावर वेग वाढतो, तो वाढला की धूळ उडते, आणि ती धूळ दोरीवरच्या बोंबलांवर बसते. मग त्यांना भाव येत नाही. उत्तनच्या बाईला विचारा, ती हे एका वाक्यात सांगेल. गावांतून जाणाऱ्या पट्ट्यात ताशी तीसची मर्यादा ठेवा आणि ती पाळली जाईल असे रस्त्याचे रूप ठेवा: अरुंद वळणे, रस्ता ओलांडण्याचे उंचावलेले पट्टे, नीट उताराचे गतिरोधक. जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तिथे तीसची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी मान्य केले आहे. मनोरीसारख्या गावाला त्याची गरज स्टॉकहोमपेक्षा जास्त आहे.

आणि हे फक्त माझ्यासारख्या हौशी माणसांसाठी आहे असे कृपा करून समजू नका. पहाटे त्या रस्त्यावर पहिली भेटणारी सायकल पाववाल्याची असते, हॅंडलला दोन्हीकडे पिशव्या आणि मागे पत्र्याचा डबा. त्यानंतर रिसॉर्टच्या रात्रपाळीवरून परतणारे वॉचमन, मग शाळेच्या मुली. त्यांच्या सायकलला गिअर नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही, आणि त्यांना रविवारची वाट पाहायची नसते. रस्ता त्यांच्यासाठी सुरक्षित झाला की आमच्यासाठी आपोआप होतो. उलट मात्र होत नाही, म्हणून आधी त्यांचा विचार करा. आमच्यातल्या काही मंडळींनाही इथे सांगायला हवे: गावातून जाताना चार-चार जणांनी रस्ता अडवून चालवू नका, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना स्पीकरवर गाणी लावू नका, आणि मासळी वाळवणाऱ्या बाईच्या तोंडासमोर न विचारता कॅमेरा धरू नका. या गावांनी आपल्याला रस्ता दिला आहे.

पुढे काय होऊ शकते याची एक शक्यता सांगून थांबते. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली. त्यामुळे मार्वे, मनोरी, गोराई, उत्तन, भाईंदर आणि मग थेट वसईच्या किल्ल्याखाली, अशी सलग वाट जुळली आहे. वसईकडे केळीच्या बागा, फुलशेती, भुईगाव, राजोडी, अर्नाळा. दोन दिवसांची, मुंबईकराच्या घराच्या दारातून सुरू होणारी सायकल सफर. त्यासाठी नवा ट्रॅक नको, नवा पूल नको. दोन्हीकडच्या जेट्ट्यांवर उतार, वाटेवर गावांची नावे आणि अंतरे लिहिलेल्या साध्या मराठी पाट्या, आणि विरारहून परतताना लोकलच्या सामानाच्या डब्यात गर्दी नसलेल्या वेळी सायकल चढवता येईल असा स्पष्ट नियम, एवढे पुरे. यातून गावातल्या बाईच्या पोळी-भाजीच्या टपरीला, पंक्चर काढणाऱ्याला, घरगुती खोली भाड्याने देणाऱ्याला चार पैसे मिळतील. रिसॉर्टच्या फाटकाआड गेलेल्या मोटारीतून ते मिळत नाहीत.

या सगळ्यासाठी अर्थसंकल्पात वेगळे लेखाशीर्ष मागत नाही. रस्ते दुरुस्ती आणि जेट्टी देखभाल या चालू लेखाशीर्षांत हे सारे बसते. पावसाळा संपला की डांबरीकरणाच्या आणि जेट्टी दुरुस्तीच्या निविदा निघतील. त्या निविदांच्या अटींत साइडपट्टीची एक, आडव्या जाळ्यांची एक आणि ओहोटीच्या पायऱ्यांलगतच्या उताराची एक, अशा तीन ओळी घाला. बिल मंजूर करण्याआधी त्या तीन ओळींप्रमाणे काम झाले की नाही, ते जागेवर जाऊन तपासा.

आपली,
बोरिवलीची एक सायकलस्वार